लहान दालन आणि सहा कलावंत

(ज्युबिलीनिमित्त सभागृहांत भरलेल्या कलाप्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगीं आमच्या धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिली समितीनें आम्हांस फीत कापावयास व दोन शब्द बोलावयास सांगितलें. फीत कापून झाली आहे. दोन शब्दांचे पुष्कळ शब्द होणें हा धर्मगुरूंचा जुना दोष आहे. तरी पलीकडच्या खोलींत चहा उकळत आहे हें आम्हांसही ठाऊक आहे, एवढा भरंवसा आपण ठेवावा.

हें प्रदर्शन कोणत्या प्रकारचें आहे, असें कालपासून अनेकांनीं आम्हांस विचारिलें. खरें सांगावयाचें तर त्यास प्रकार असा नाहीं. ज्यास जें करतां येतें तें त्यानें आणावें, एवढीच सूचना मिस्सेनंतर वाचून दाखविण्यांत आली होती, आणि लोकांनीं ती अक्षरशः पाळली. दाराशीं उजव्या हातास एका वृद्ध सुतारानें जुन्या होड्यांच्या गंजलेल्या खिळ्यांचा घडविलेला क्रूस आहे. त्याच्या शेजारीं बँकेंतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनीं रंगविलेले अठरा कावळे आहेत. मोर नाहीं, पारवा नाहीं, पवित्र आत्म्याचें कबुतरही नाहीं. अठराच्या अठरा कावळे. कावळेच कां, असें आम्हीं विचारिलें, तेव्हां ते म्हणाले, "फादर, सकाळीं खिडकींत तेच येतात." या उत्तरावर आमच्याजवळ प्रत्युत्तर नव्हतें. पुढें एका आजींनीं नव्वद वर्षांच्या लुगड्यांच्या तुकड्यांची शिवलेली गोधडी आहे. तिच्यांतील प्रत्येक तुकडा कोणाच्या लग्नाचा, हें त्या बोट ठेवून सांगतात. विजेचीं कामें करणाऱ्या एका तरुणानें जुन्या रेडिओच्या सुट्या भागांचा बेथलेहेमचा गोठा केला आहे. कळ दाबतांच तो गातो, असें सांगण्यांत आलें. आम्हीं दाबली तेव्हां गायला नाहीं.

आणि व्यासपीठाजवळच्या खांबावर एक चित्र आहे. त्याविषयीं आपणांपैकीं बहुतेकांनीं ऐकिलें आहे. कित्येक जण तेंच पाहावयास आले आहेत, हेंही आम्ही जाणतों. प्रभु येशूचें शेवटचें भोजन हा त्याचा विषय. परंतु माडीवरची खोली नाहीं, मेज नाहीं. विरार लोकलचा डबा आहे, संध्याकाळची वेळ आहे. बारा प्रेषित बांकांवर दाटीनें बसले आहेत. त्यांपैकीं एक चौथ्या सीटवर अर्धा लोंबकळत आहे, एक पेंगत आहे. यहूदास खिडकीची जागा मिळाली आहे. प्रभूंना बसावयास जागा नाहीं. ते एका हातानें वरची कडी धरून उभे आहेत आणि दुसऱ्या हातानें पावाचा तुकडा पुढें करीत आहेत. तो साधा पाव आहे कीं वडापाव, यावर समितींत पाऊण तास चर्चा झाली. चित्र काढणारा आमचाच एक तरुण आहे. तो रोज त्याच गाडीनें कामावरून परत येतो.

समितींतील एका वडीलधाऱ्या सभासदांनीं आम्हांस लेखी कळविलें कीं, या चित्रांत पवित्र गोष्टीचा उपहास आहे व तें आपल्या सभागृहांत लावूं नये. या गृहस्थांविषयीं आमच्या मनांत फार आदर आहे. चर्चच्या छपरास गळती लागली तेव्हां घरोघर फिरून पैसे जमविणारे हेच होते. म्हणून त्यांचें पत्र आम्हीं बाजूस सारलें नाहीं. तीन दिवस तें मेजावर ठेवून विचार केला. तो विचार आपणांस सांगावयाचा आहे, आणि त्यासाठीं प्रथम मुंबईच्या एका लहानशा दालनांत जावें लागेल.

मुंबईस काळ्या घोड्याच्या परिसरांत रॅम्पार्ट रो नांवाचा रस्ता आहे. आतां त्यास के. दुभाष मार्ग म्हणतात. तेथें बॉम्बे आर्ट सोसायटीचें एक प्रदर्शनाचें दालन होतें. १९४९ सालच्या जुलैच्या ७ तारखेस त्या दालनांत सहा जणांनीं मिळून आपलें काम मांडलें. उद्घाटन कादंबरीकार मुल्कराज आनंद यांनीं केलें. हे सहा जण स्वतःस प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप म्हणवीत. त्या वेळीं जहांगीर आर्ट गॅलरी नव्हती. ती १९५२ सालीं उघडली. नव्या तऱ्हेचें चित्र काढणाऱ्यास आपलें काम चार लोकांस दाखवावयाचें तर जागा शोधीत फिरावें लागे. प्रिन्सेस स्ट्रीटवर केकू गांधी यांचें चौकटी विकण्याचें दुकान होतें. त्या दुकानाच्या दर्शनी खिडकींत लागलेलें चित्र हेंच कित्येकांचें पहिलें प्रदर्शन ठरलें.

ते सहा जण कोण होते? मकबूल फिदा हुसेन हे १९१५ सालीं पंढरपुरास जन्मले व सिनेमाचे मोठाले फलक रंगवून पोट भरीत आले. सैयद हैदर रझा हे मध्य प्रांतांतील जंगलखात्याच्या एका रेंजरचे पुत्र. हरि अंबादास गाडे विज्ञानाचे पदवीधर. सदानंद बाक्रे हे सहांतील एकटेच शिल्पकार. पुढें इंग्लंडांत पुष्कळ वर्षें राहून ते १९७५ सालीं परत आले आणि कोंकणांत हर्णैजवळ मुरूडास त्यांनीं आपलें उरलेलें आयुष्य घालविलें. पांचवे कृष्णाजी आरा. यांच्याविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे. हैदराबादजवळच्या बोलारमचा हा मुलगा लहानपणींच मुंबईस आला, घरगडी म्हणून राहिला, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहांत तुरुंग भोगला, आणि मालकांच्या घरीं काम करतां करतां चित्रें काढूं लागला. स्वातंत्र्याच्या मिरवणुकीचें त्याचें मोठें चित्र बॉम्बे आर्ट सोसायटीनें आपल्या वार्षिक प्रदर्शनांत घेतलें नाहीं, आणि त्या संतापांतून या मंडळाचा जन्म झाला, असें सांगतात. तें कांहींही असो. ज्या संस्थेशीं भांडण, तिच्याच दालनांत दोन वर्षांनीं या मंडळींनीं आपलीं चित्रें टांगलीं, आणि संस्थेनें टांगूं दिलीं. यांत आम्हांस दोन्ही बाजूंचा मोठेपणा दिसतो.

सहावे फ्रान्सिस न्यूटन सूझा. ते आपले होते. त्यांच्याकडे आम्ही लवकरच येतों.

या सहांच्या कामांत एकसारखेपणा मुळींच नव्हता. एकाच्या कागदावर मुंबईचे रस्ते पाण्याच्या रंगांत विरघळत होते, दुसऱ्याच्या चित्रांत काळ्या जाड रेषांनीं जखडलेले चेहरे होते, तिसरा फुलें व भांडीं काढीत होता. सूझा यांनीं प्रदर्शनासाठीं जें निवेदन लिहिलें त्यांतही समान शैलीचा दावा नव्हता. आम्हीं आरंभीं लोकांजवळ जाण्याचा बेत केला होता, तो आतां सोडला असून विषय व पद्धति यांत पूर्ण मोकळीक घेत आहों, असा त्याचा आशय होता. हें वाक्य आम्हांस आवडत नाहीं, हें येथेंच सांगून टाकितों. जो लोकांजवळ जाण्याचा बेत सोडतो त्याच्यापुढें बसलेले लोक काय करणार? पण तें लिहिणारा पंचवीस वर्षांचा होता, आणि पंचविसाव्या वर्षीं आम्हींही कांहीं प्रवचनें दिलीं आहेत.

मग त्यांस एकत्र बांधणारें काय होतें? सहांत तीन हिंदु होते, दोन मुसलमान व एक कॅथोलिक. देशाची फाळणी होऊन पुरीं दोन वर्षेंही झालीं नव्हतीं. त्यांस हात देणारे तिघे त्याहूनही दुरून आलेले: वॉल्टर लँगहॅमर, रुडॉल्फ फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेसिंजर. हिटलरच्या राजवटीमुळें युरोप सोडून हे मुंबईस आले होते. एक चित्रकार, दुसरा वर्तमानपत्रांत कलेवर लिहिणारा, तिसरा औषधांचा व्यापारी. ज्यांस स्वतःच्या देशांत जागा उरली नाहीं त्यांनीं परक्या देशांतील पोरांच्या चित्रांसाठीं भिंती शोधल्या. त्या दालनांत कोण काय रंगवितो याहून, आपल्याजवळच्या भिंतीवर दुसऱ्याचा खिळा ठोकूं देणें हीच गोष्ट त्यांस एकत्र ठेवीत होती, असें आम्हांस वाटतें.

तें एकत्र राहणें फार टिकलें नाहीं. सूझा त्याच वर्षीं लंडनला गेले, रझा १९५० सालीं पॅरिसला, बाक्रे १९५१ सालीं लंडनला. मागून गायतोंडे, कृष्ण खन्ना, मोहन सामंत आले. कोल्हापूरच्या भानु राजोपाध्ये आल्या, ज्यांस पुढें भानु अथय्या या नांवानें 'गांधी' चित्रपटाच्या वेषभूषेसाठीं ऑस्कर मिळालें. १९५६ सालीं मंडळ मोडलें. हुसेन यांचें एक चित्र २०२५ सालीं न्यूयॉर्कला सुमारें ११८ कोटी रुपयांस विकलें गेलें. हा आंकडा आम्हीं मुद्दाम लवकर सांगून टाकिला, कारण तो ऐकल्यावर पुढचें कोणी ऐकत नाहीं. आमच्या कावळेवाल्या मित्रांनीं तर वहींत कांहीं टिपूनही घेतलें!

आतां सूझा. गोव्यांत साळगांव येथें १९२४ सालीं त्यांचा जन्म झाला. बाप लहानपणींच वारला. मुलास देवी आल्या, तेव्हां विधवा आईनें संत फ्रान्सिस झेवियरला नवस केला कीं, हा वांचला तर त्यास धर्मगुरु करीन. आणि मुलाच्या नांवास फ्रान्सिस जोडलें. मुलगा वांचला, धर्मगुरु झाला नाहीं. मुंबईस जेझुइट फादरांच्या शाळेंत घातला, तेथून शौचालयाच्या भिंतीवर चित्रें काढिल्याबद्दल घालविला गेला. जे. जे. कलाशाळेंत गेला, तेथूनही १९४५ सालीं राजकीय चळवळीपायीं घालविला गेला. १९४९ सालीं त्याचीं चित्रें अश्लील ठरवून पोलिसांनीं घराची झडती घेतली. असा हा मुलगा. परंतु लंडनला गेल्यावर त्यानें काय रंगविलें? संत, धर्मगुरु, चर्चचे मनोरे, शेवटचें भोजन, आणि पुन्हा पुन्हा क्रूसावरील ख्रिस्त. त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे कीं, चर्चच्या सिद्धांतांनीं नव्हे, तर चर्चच्या इमारतीनें, उपासनेच्या थाटानें, जरतारी झग्यांतल्या पाद्रींनीं आणि लांकडी मूर्तींनीं त्याच्या बालमनावर ठसा उमटविला.

क्रूसावरील ख्रिस्ताचें त्याचें १९५९ सालचें चित्र लंडनच्या टेट संग्रहालयांत आहे. सेमिनरींत असतांना एका प्राध्यापकांनीं आम्हांस त्याची छापील प्रत दाखविली होती. काळवंडलेला देह, कांट्यांसारखीं बोटें, दांत विचकलेला चेहरा. आम्हांस तें चित्र तेव्हां आवडलें नाहीं आणि आजही त्याच्यापुढें गुडघे टेकून आम्हांस प्रार्थना करतां येणार नाहीं. परंतु गोव्याच्या जुन्या देवळांत गुड फ्रायडेच्या मिरवणुकीसाठीं काढितात ती रक्तबंबाळ लांकडी मूर्ति ज्यांनीं लहानपणीं अंधारांत पाहिली आहे, त्यांस तें चित्र कोठून आलें हें विचारावें लागत नाहीं. सूझा २००२ सालीं मार्चच्या २८ तारखेस मुंबईस वारले व शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमींत पुरले गेले. पंचांग पाहतां ती तारीख पवित्र गुरुवारची निघते, म्हणजे शेवटच्या भोजनाचा दिवस. यावरून आम्ही कांहीं सिद्ध करीत नाहीं.

सूझा भांडखोर होते, अशी कोणी शंका काढील. त्यांस घराबाहेर जावें लागलें तर दोष त्यांचाही होता. मान्य आहे. म्हणून दुसरें उदाहरण सांगतों, अत्यंत सौम्य माणसाचें. आंजेलो द फोन्सेका हे गोव्याचेच, १९०२ सालीं जन्मलेले. शांतिनिकेतनांत शिकून ते परत आले आणि पवित्र मातेस साडी नेसवून, आपल्याकडील बाईच्या रंगरूपानें रंगवूं लागले. त्यांत ना अश्लीलता होती, ना उपहास, भक्तीच होती. तरीही गोव्यांतील भाविकांस व पाद्रींस तें सहन झालें नाहीं, आणि त्यांस गोवा सोडावा लागला. पुण्यास त्यांस आसरा दिला तो ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमानें, म्हणजे अँग्लिकन बांधवांनीं. कॅथोलिक चित्रकारानें आपल्या मरियेचीं चित्रें परक्या पंथाच्या छपराखालीं बसून काढावीं, हें आपणांस भूषणावह नाहीं. १९६७ सालीं ते वारले. आज तीं चित्रें पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्यें जपून ठेविलीं आहेत, आणि आम्ही सहलीच्या बसमधून तीं पाहावयास जातों.

आतां एक गोष्ट आमच्या स्वतःच्या हिशेबांतली.

सुमारें वीस वर्षांपूर्वीं आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामांत नवीन होतों. नाताळांत तेथेंही असेंच प्रदर्शन भरलें होतें. एका कोळी तरुणानें चित्र आणिलें. पवित्र माता बाजारांत मासळीची पाटी पुढें घेऊन बसली आहे, मांडीवर बाळ आहे, आणि बाळाच्या मुठींत बोंबील आहे. चांगलें चित्र होतें. त्या बाईच्या खांद्यांत दिवसभराचा शीण होता, आणि बाळास तिनें ज्या तऱ्हेनें धरिलें होतें ती तऱ्हा पाहून काढल्यावांचून येत नाहीं. दोघांतिघांनीं आमच्याकडे तक्रार केली. आम्हीं दुपारीं, कोणी नसतांना, चित्र खालीं उतरवून कपाटामागें उभें करून ठेविलें. त्या तरुणाशीं एक शब्दही बोललों नाहीं. संध्याकाळीं तो आईस घेऊन आला. भिंतीवर नुसता खिळा होता. त्यानें कांहीं विचारिलें नाहीं. चित्र मागितलें, वर्तमानपत्रांत गुंडाळलें आणि नेलें.

तो मिस्सेस यावयाचा थांबला, असें म्हटल्यास गोष्ट रंगतदार होईल, पण ती खरी नव्हे. तो येत असे. मागच्या बांकावर बसे. आमची बदली झाली त्या दिवशीं त्यानें सामान गाडींत चढवावयासही हात लाविला. मात्र त्याच्या आईनें आम्हांस सांगितलें कीं, त्या नाताळानंतर त्यानें रंगाचा डबा उघडला नाहीं.

तें चित्र आम्हांस वाईट वाटलें होतें काय? नाहीं. कोणी तरी बिशपस्वामींस पत्र लिहील, याचें आम्हांस भय वाटलें. फोन्सेका यांचें नांव आम्हांस त्या वेळीं ठाऊक होतें, त्यांच्यावर आम्हीं सेमिनरींत निबंधही लिहिला होता.

आतां आमच्या वडीलधाऱ्या मित्रांच्या पत्राकडे वळूं. त्यांनीं विचारिलें आहे कीं, चर्चला या बाबतींत कांहीं नियम आहे कीं नाहीं? आहे. दुसऱ्या व्हॅटिकन सभेनें १९६३ सालीं उपासनेविषयीं जें संविधान काढिलें त्यांत दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. चर्चनें कोणतीही एकच शैली आपली म्हणून मानलेली नाहीं, आणि प्रत्येक काळाच्या व प्रत्येक लोकसमूहाच्या कलेस आदर राखून मोकळीक असावी, ही एक. श्रद्धेस व सदाचारास विरोधी असलेल्या कृति देवाच्या मंदिरांतून दूर ठेवाव्या, ही दुसरी. आमच्या मित्रांनीं दुसरीवर बोट ठेविलें. तरुणाचे मित्र पहिलीवर ठेवितात. दोघांसही आम्हीं एवढेंच म्हणतों कीं, हें सभागृह आल्तार नव्हे. आल्तारावर हें चित्र लावावें काय, असें कोणी विचारील तर आम्ही नाहीं म्हणूं, कारण तेथें माणूस गुडघे टेकावयास येतो, कोडें सोडवावयास नव्हे. येथें मात्र तो पाहावयास, विचारावयास, प्रसंगीं भांडावयास येतो. यासाठींच सभागृह बांधिलें. वऱ्हाडाच्या पंक्तींपुरतें नव्हे.

उपहास आहे काय, हें ठरविण्यासाठीं आम्ही परवां संध्याकाळीं त्या तरुणासच चित्रापुढें घेऊन उभे राहिलों. वीस वर्षांपूर्वीं जें केलें नाहीं तेवढेंच केलें. प्रभूंना बसावयास जागा कां दिली नाहींस, असें विचारिलें. तो म्हणाला, "फादर, त्या गाडींत जो दुसऱ्याला द्यायला उठतो, त्याला परत बसायला मिळत नाहीं." आणि यहूदा खिडकींत कां? "तो पहिल्या स्टेशनला चढला." या दुसऱ्या उत्तरांत कांहीं खोल अर्थ आहे कीं नुसता प्रवासाचा अनुभव, हें आम्हांस अजून उलगडलें नाहीं. पाव वडापाव आहे, हें त्यानें कबूल केलें.

तेव्हां निर्णय असा. चित्र खांबावरच राहील. आमच्या मित्रांस आम्हीं विनंति केली कीं, आपलें पत्रही त्याच्या शेजारीं लावूं द्यावें, त्यांच्याच सुवाच्य अक्षरांत, सहीसकट. त्यांनीं एक रात्र विचार केला आणि होकार दिला. त्यासाठीं दुसरा खिळा त्या तरुणानेंच ठोकिला; किंचित वांकडा आहे, तो आमच्या मित्रांनीं सरळ करून घेतला. पत्रास चौकट मात्र नको, असें त्यांनीं बजाविलें आहे. दोघेही आज येथें हजर आहेत. कोणास एकाशीं वाद घालावयाचा असेल त्यानें दुसऱ्यासही ऐकावें.

प्रदर्शन रविवारच्या संध्याकाळपर्यंत उघडें राहील. गोधडीस हात लावावयाचा असल्यास आजींस विचारावें. त्या नाहीं म्हणत नाहींत, पण विचारल्याशिवाय चालत नाहीं. गोठ्याची कळ मुलांनीं दाबूं नये. ती दाबण्याचें काम तूर्त ज्यानें गोठा बनविला त्याच्याकडे आहे. कावळ्यांपैकीं दोन विकले गेले आहेत. चहा पलीकडच्या खोलींत.